वादळात घरी थांबावे की घर सोडावे? भंडारा जिल्ह्यातील गैरसमज आणि वस्तुस्थिती

चक्रीवादळाला बळ मिळते ते समुद्राच्या उबदार पाण्यातून. जमिनीवर आल्यावर हे बळ तुटते आणि वारा ओसरू लागतो, पण वादळासोबत आलेले बाष्प शेकडो किलोमीटर आत जाऊन पाऊस पाडते. भंडारा जिल्ह्याला त्यामुळे वाऱ्यापेक्षा पाण्याची भीती जास्त असते. कुटुंबाने घरात थांबायचे की बाहेर पडायचे, हेही त्यावरूनच ठरवावे लागते.

गैरसमज १ : समुद्र दूर आहे, चक्रीवादळाशी आपला संबंध नाही.

वस्तुस्थिती : आंध्र प्रदेशचा किनारा भंडाऱ्यापासून ५०० किलोमीटरांहून दूर आहे, पण बंगालच्या उपसागरातील प्रणाली अनेकदा विदर्भाच्या दिशेनेच सरकतात. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले. क्षीण झालेली ही प्रणाली तेलंगण, विदर्भ, मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात उतरली आणि तिथे पुन्हा जोर धरून ‘शाहीन’ झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशी प्रणाली आली, तर कापून बांधीत पडलेल्या धानाच्या कडपा भिजतात. त्यामुळे बातमीत वादळ किनाऱ्यावरच ‘विरले’ असले, तरी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा पाहावा.

गैरसमज २ : गावात पाऊस थांबला, म्हणजे धोका टळला.

वस्तुस्थिती : या जिल्ह्यात सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा नदी मध्य प्रदेशातून येते. तिथल्या शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर धरण तिच्यावरच आहे, तर बावनथडी, कन्हान यांसारख्या नद्याही आपले पाणी तिच्यातच सोडतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या भागातील मुसळधार पाऊस आणि धरणांतील विसर्ग यांमुळे वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांसह नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. वरचे पाणी इथे पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे आभाळ निवळल्यावरही नदी चढत राहू शकते. नदीकाठच्या कुटुंबाने अंगणातल्या पावसावर विसंबू नये. कारधा येथील वैनगंगेची पाणीपातळी आणि वरच्या धरणांचा विसर्ग यांवर लक्ष ठेवावे.

गैरसमज ३ : पक्के घर असले की कुठेही जायची गरज नाही.

वस्तुस्थिती : सिमेंटच्या छताचे घर वाऱ्यापासून वाचवते. घर सखल जागेत असेल, तर पुरापुढे त्या छताचा उपयोग नाही. उंचावरच्या पक्क्या घरात वादळ काढता येते. पूररेषेतले घर मात्र प्रशासनाची सूचना येताच, शक्यतो दिवसाउजेडी सोडावे. मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे घर सततच्या पावसाने खचू शकते, म्हणून अशा कुटुंबांनी शाळा किंवा समाजमंदिराचा निवारा गाठावा. रस्ता पाण्याखाली गेल्यावर निघणे घातक ठरते. वाहते पाणी घोट्याच्या थोडे वर असले तरी माणसाचा तोल जातो आणि सुमारे ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते.

गैरसमज ४ : टिनाच्या पत्र्यांवर दगड-विटा ठेवल्या आणि खिडक्या उघड्या सोडल्या, की छप्पर टिकते.

वस्तुस्थिती : वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो. उघड्या खिडकीतून शिरलेला वारा त्याच पत्र्याला खालून ढकलतो. दारे-खिडक्या घट्ट बंद ठेवल्या तर हा दुहेरी ताण कमी होतो. पत्रे हुक आणि नट-बोल्टने आडव्या वाशांना पक्के जखडावेत. वरचे दगड मात्र घरातल्यांच्याच डोक्यावर कोसळू शकतात.

गैरसमज ५ : वीज कडाडत असताना झाडाखाली थांबले किंवा रबरी चप्पल घातली, तर भीती नाही.

वस्तुस्थिती : एकटे उंच झाड विजेचे सोपे लक्ष्य असते आणि लाखो व्होल्टपुढे चपलेचे रबर काहीच नाही. गडगडाट ऐकू आला की कडपा झाकण्याचे काम सोडून पक्क्या इमारतीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबावे. घरातही नळ, तारेचा फोन आणि प्लगला जोडलेली उपकरणे यांपासून दूर राहावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची सूचना देते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युतप्रवाह साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो आणि श्वास थांबला असल्यास छातीदाब व कृत्रिम श्वास द्यावा.

गैरसमज ६ : पूर ओसरला की घर लगेच वापरता येते.

वस्तुस्थिती : ओल्या भिंतींतून विजेचा धक्का बसू शकतो, म्हणून तपासणी होईपर्यंत मुख्य स्विच बंद ठेवावा. अडगळीत, चुलीजवळ, तणसाच्या ढिगात साप दडलेले असतात. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी निर्जंतुकीकरण होईपर्यंत पिऊ नये. इतर पाणीही उकळूनच प्यावे.

घरात थांबायचे ठरल्यास किमान तीन दिवसांचे पिण्याचे पाणी व कोरडे अन्न, नेहमीची औषधे, विजेरी आणि चार्ज केलेला मोबाइल जवळ असावा. आधार कार्ड, सातबारा, पीकविम्याची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवावीत. जनावरे दावणीला बांधून ठेवू नयेत, वेळीच उंच जागी न्यावीत. मदतीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक आहेत.