शेवाळाची गाळणी

श्रोतेहो, दिवाणखान्यात छोटासा समुद्र आणून ठेवण्याची हौस मुंबईकरांस नवी नाही. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. त्याच्या काचांपुढे उभे राहून ज्या मुलांनी रंगीत मासे पाहिले, त्यांतील कित्येकांच्या मनात आपल्याही घरी असे काही असावे ही इच्छा घर करून बसली. आज अंधेरी-बोरिवलीस किंवा मुलुंड-घाटकोपरास दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी पाहावयास मिळते. परंतु या हौसेचा शेवट पुष्कळदा दुःखाचा होतो. पहिला महिना पाणी स्फटिकासारखे असते. पुढे काचेवर हिरवट थर चढू लागतो, दगडांस केस फुटतात, मासे मंदावतात आणि एके सकाळी त्यांतला एखादा तरंगताना दिसतो. यजमान सारा दोष शेवाळास देतात, काच घासतात, पाण्यात औषध ओततात. चार दिवसांनी शेवाळ पुन्हा हजर!

हे शेवाळ रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. इतकेच नव्हे, तर त्यास आपण नेमून दिलेल्या जागी वाढू दिले, तर तेच पाणी शुद्ध करण्याची चाकरी करते. ही चाकरी करून घेणारी गाळणी घरच्या घरी, अल्प खर्चात कशी करावी, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम थोडे गणित करू. आपण माशांस रोज एक ग्रॅम कोरडे खाद्य घालतो असे धरा. अशा खाद्यात शेकडा ४५ भाग प्रथिने असली, तर प्रथिनांत शेकडा १६ भाग नायट्रोजन या हिशेबाने त्यात सुमारे ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. काही भाग माशांच्या अंगी लागतो, बाकीचा अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. अमोनिया माशांस विषासमान. दगडांवर व वाळूत राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट तितकेसे जहाल नाही, पण ते जाणार कोठे? सारा नायट्रोजन नायट्रेट झाला, तर एका ग्रॅम खाद्यामागे सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट होईल. १०० लीटरच्या पेटीत हे प्रमाण दर लीटरमागे रोज तीन मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याकाठी जवळजवळ शंभर! प्रवाळांच्या निर्मळ समुद्रात ते लीटरमागे एक मिलिग्रॅमही नसते. फॉस्फेटाचीही हीच गोष्ट. पेटी बंदिस्त असल्याने जे आत घातले ते आतच साठते, आणि वनस्पतीस नायट्रेट व फॉस्फेट म्हणजे उत्तम खत. मग शेवाळ वाढले तर नवल ते काय?

याचे मोठे उदाहरण पाहावयाचे असेल तर उपनगरांतच आहे. पवईचा तलाव १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. पुढे त्यात वस्तीचे सांडपाणी मिसळू लागले आणि त्या खतावर जलपर्णी माजली. ती यंत्रांनी काढावी लागते, आणि सांडपाणी येतच राहते तोवर पुन्हा वाढते. पण यातच एक मर्म आहे. जलपर्णी उपटून काठावर आणली, की तिने शोषलेले खतही तिच्याबरोबर तलावाबाहेर आले. तीच जर पाण्यात कुजली, तर सारे खत पुन्हा पाण्यात. म्हणजे वनस्पती वाढली एवढ्याने पाणी शुद्ध होत नाही. ती वाढवून बाहेर काढली म्हणजे होते. आपल्या गाळणीचे सारे तत्त्व या एका वाक्यात आले.

हे तत्त्व मत्स्यपेटीस प्रथम पद्धतशीरपणे लावले ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी. प्रवाळखडकांवर आखूड शेवाळाची जी हिरवळ असते ती किती झपाट्याने वाढते, हे त्यांनी कॅरिबियन समुद्रात पाहिले होते. जाळीवर तसेच शेवाळ वाढवून ते वेळोवेळी खरवडावयाचे, अशी युक्ती त्यांनी योजिली आणि १९८२ साली तिचे पेटंट मिळविले. त्यांच्या यंत्रात जाळी आडवी असे व तीवर लाटांसारखे पाणी उसळे. पुढे हौशी लोकांनी जाळी उभी टांगून वरून पाण्याचा पडदा सोडण्याची सोपी रीत काढली. घरी करावयास तीच बरी.

आता सामान सांगतो. पेटी १०० लीटरची धरू. लोकरीचे भरतकाम ज्यावर करतात ती प्लास्टिकची चौकोनी भोकांची जाळी घ्यावी आणि १५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापावा. तो दोन्ही बाजूंनी कानशीने किंवा हॅकसॉच्या पात्याने असा खरखरीत करावा की हात फिरविला असता बोचला पाहिजे. गुळगुळीत जाळीवर शेवाळ मूळ धरीत नाही. पाण्याबरोबर सुटून जाते. पाऊण इंची पीव्हीसी नळीस जाळीच्या रुंदीइतकी व सुमारे तीन मिलिमीटर रुंद अशी सरळ चीर पाडावी, एक टोक बुचाने बंद करावे, जाळीची वरची कड चिरेत सरकवून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधावी. दुसऱ्या टोकास पंपाची नळी जोडावी. तांबे, पितळ किंवा लोखंड कोठेही वापरू नये. तांबे तर शेवाळास आणि शिंपले-कोळंबीसारख्या जिवांस मारकच आहे.

ही जाळी एका पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात उभी टांगावी आणि डबा पेटीच्या वर भक्कम फळीवर ठेवावा. डब्याच्या तळाशी सव्वा इंची नळी बसवून पाणी पेटीत परत सोडावे. तशीच दुसरी नळी थोड्या उंचीवर बसवावी, म्हणजे खालची तुंबली तरी पाणी घरभर होणार नाही. पंप पेटीच्या तळाशी न ठेवता पाण्याखाली चार-पाच बोटेच ठेवावा. काही बिघाड झालाच, तर पंप उघडा पडून उपसा तेथेच थांबतो आणि मासे कोरडे पडत नाहीत.

पाणी किती वाहावे? जाळीच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरमागे ताशी सुमारे ५० लीटर, म्हणजे आपल्या जाळीस ताशी ७५० ते ८००. पंपाच्या खोक्यावरील आकड्यावर विसंबू नये. पाणी उंच चढविताना तो आकडा पुष्कळ खाली येतो. नळी वर धरून दहा लीटरची बादली भरावी व घड्याळ पाहावे. पाऊण मिनिटात भरली तर ताशी ८०० लीटर झाले.

दिवे जाळीच्या दोन्ही बाजूंस, सुमारे दहा सेंटिमीटरवर, पिवळसर प्रकाशाचे नऊ-नऊ वॅटचे एलईडी असावे. प्रारंभी रोज दहा तास व शेवाळ धरल्यावर सोळा ते अठरा तास पुरेत. हे तास असे बेतावेत की पेटीचा मुख्य दिवा मालवलेला असताना जाळीवर उजेड राहील. रात्री पेटीतील सर्व जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो जाळीवरचे शेवाळ शोषून घेते व प्राणवायू देते. विजेचा हिशेब पाहा: दोन दिवे अठरा तास व पंधरा वॅटचा पंप चोवीस तास, मिळून महिन्यास सुमारे वीस युनिट.

वीज आणि खारे पाणी यांचे सख्य बरे नव्हे. मिठाचे पाणी वीज उत्तम वाहून नेते. म्हणून प्रत्येक वायरीस प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगात न शिरता खाली गळेल. गळती होताच वीज तोडणारे जे साधन इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणून ओळखतो, ते या जोडणीस असलेच पाहिजे, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत. लेकुरवाळ्या घरात तर याविषयी तिळमात्र हयगय नको.

पहिल्या आठवड्यात जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर येतो. निराश होऊ नये. तो हळूच पुसावा. तीन-चार आठवड्यांत हिरवे केस दिसू लागतात. मग दर सात ते दहा दिवसांनी जाळी काढून मोरीत गोड्या पाण्याखाली हाताने खरवडावी. आखूड मुळे राहू द्यावीत, म्हणजे पुढचे पीक लवकर येते. गोड्या पाण्याने शेवाळ खाणारे बारीक किडेही मरतात. खरवडणे लांबविले तर आतला थर अंधारात कुजून सुटतो आणि शोषलेले सारे पुन्हा पेटीत जाते. काढलेले शेवाळ नीट धुऊन फुलझाडांच्या कुंडीत घालावे. जाळीवर डांबरासारखा काळा थर येत असेल तर प्रकाश किंवा प्रवाह वाढवावा व खाद्य कमी करावे. पिवळा, रबरासारखा थर येत असेल तर दिव्यांचे तास कमी करावेत.

मात्र गाळणी म्हणजे परीस नव्हे. माशांची गर्दी आणि मुठीने घातलेले खाद्य यांपुढे तिचेही काही चालत नाही. पाणी मूळचेच चांगले हवे. वेसावे किंवा जुहूच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणण्याचा मोह टाळावा. तेथे शहराचे सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात खारेपणाही उतरतो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी कित्येक क्षार असतात. मत्स्यपेटीसाठी मिळणारे तयार मीठ लीटरमागे सुमारे ३५ ग्रॅम घ्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावा. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा वरून गोडेच पाणी घालावे, कारण वाफ होऊन पाणी जाते, मीठ मागेच राहते.

आणि मासे आणावयाचे ते जाळी हिरवी झाल्यावर, एकेक करून. शक्य तो हॅचरीत जन्मलेलेच घ्यावेत. मुलुंडहून खाडीचा पूल ओलांडला की ऐरोली लागते; तेथे कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात क्लाऊनफिशसारखे शोभिवंत मासे वाढविण्याचा उपक्रम झाला आहे. असा मासा घेतल्याने कोणत्याही प्रवाळखडकावरचे घरकुल मोडत नाही. प्रवाळ व समुद्रघोडे यांस तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा होय.

श्रोतेहो, समुद्रात लाट, ऊन आणि शेवाळ मिळून जे काम अहोरात्र करतात, ते पेटीत मासा ठेवणाऱ्याने आपल्या अंगावर घेतलेले असते. त्या मुक्या जिवास पाणी बदलण्यासाठी दुसरीकडे पोहून जाता येत नाही. जाळीचा एक तुकडा, दोन दिवे आणि आठवड्यातून दहा मिनिटांची नियमित मेहनत, एवढ्यावर ही जबाबदारी बव्हंशी पार पडते. घरातील मुलांकडे खरवडण्याची पाळी द्यावी. घातलेले खाद्य शेवाळ होऊन परत हातात आलेले त्यांनी एकदा पाहिले, की निसर्गात काही नाहीसे होत नाही हा धडा निराळा शिकवावा लागणार नाही.