‘अंकल टॉम’ म्हणायचे कोणाला?

दोघेही अमेरिकेतले काळे तरुण. दोघेही कॉलेजच्या बास्केटबॉलमधले नावाजलेले खेळाडू. दोघांचेही वडील व्यावसायिक खेळाडू. तरीही एकाच्या मनात दुसऱ्याविषयी इतका राग का असावा? जेलन रोझ आणि ग्रँट हिल यांची ही हकिकत प्रत्येक आईबापाने समजून घ्यावी अशी आहे.

१९९१ साली मिशिगन विद्यापीठाच्या संघात पाच नवे काळे खेळाडू एकदम दाखल झाले. ‘फॅब फाइव्ह’ या नावाने ते देशभर गाजले. डेट्रॉइट शहरातला रोझ त्यांपैकी एक. १९९२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यात ड्यूक या खासगी, महागड्या विद्यापीठाने त्यांचा ७१-५१ असा पराभव केला. हिल हा ड्यूकचा खेळाडू.

आता दोघांची घरे पाहा. हिलचे वडील कॅल्विन येल विद्यापीठाचे पदवीधर आणि अमेरिकन फुटबॉलमधले प्रसिद्ध खेळाडू. आई जॅनेट वेलस्ली कॉलेजात शिकलेल्या. तिथल्या वसतिगृहात हिलरी क्लिंटन त्यांच्या सोबतीण होत्या. रोझचे वडील जिमी वॉकर हेही मोठे बास्केटबॉलपटू, डेट्रॉइटच्याच संघातून खेळलेले. पण बापलेकांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. २००७ मध्ये वॉकर वारले. मोटार कंपनीत नोकरी करून आईनेच मुलांना वाढविले.

२०११ साली ‘फॅब फाइव्ह’वरील माहितीपट दूरचित्रवाणीवर आला. त्यात रोझने तरुणपणीची भावना उघड बोलून दाखविली. ड्यूकवाले आपल्यासारख्यांना घेत नाहीत, काळ्यांमधले ‘अंकल टॉम’च निवडतात, असे त्याला तेव्हा वाटे. ‘अंकल टॉम’ म्हणजे गोऱ्यांची हांजी हांजी करणारा काळा. हिलचा आपल्याला हेवा वाटत होता, आईच्या कष्टांचे आणि न भेटलेल्या बापाचे दुःख होते, हेही त्याने कबूल केले. हिलने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून उत्तर दिले. आईबाप दोघेही असलेल्या घरात वाढल्याने माणूस कमी काळा होतो काय, असा त्याचा रोख होता.

ज्या शब्दावरून एवढे वादळ उठले, त्याचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. १८५२ सालच्या हॅरिएट बीचर स्टोव यांच्या कादंबरीतला टॉम लाचार नाही. पळालेल्या दोन गुलाम स्त्रियांचा ठावठिकाणा तो सांगत नाही, म्हणून मालक त्याला मरेस्तोवर मारवितो! अशा माणसाच्या नावाची पुढे शिवी झाली.

हिलच्या घरची सुबत्ता तरी कुठून आली? त्याचे वडील बाल्टिमोरच्या कष्टकरी वस्तीतले. शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेले, तिथून येलला. एका पिढीने शिक्षणाची पायरी चढली, ती पुढच्या पिढीला आयती मिळाली. हा मुलाचा गुन्हा नव्हे. पण म्हणून रोझची जखम खोटी ठरत नाही. सारखाच घाम गाळणाऱ्या दोघांत एकाला घराचा भक्कम आधार असतो आणि दुसऱ्याला नसतो, ही विषमता खरीच आहे.

चूक होती ती रागाच्या पत्त्यात. त्या काळी या मुलांच्या खेळावर विद्यापीठे आणि बूट कंपन्या लाखो डॉलर मिळवीत होत्या. खेळाडूंना मात्र फी, खोली आणि जेवण एवढेच. नाव वापरू देऊन पैसे घेण्याची मुभा त्यांना थेट २०२१ साली मिळाली. त्या व्यवस्थेऐवजी संतापाचा रोख वळला तो आपल्यातल्याच, एक पायरी वर चढलेल्या भावाकडे!

आपल्या वस्त्यांतही हे घडते. नोकरी लागून कोणी कॉलनीत राहायला गेला की ‘तो आता साहेब झाला’ असे टोमणे सुरू होतात. कॉलनीतला मुलगाही कधी वस्तीतल्या भावंडाच्या कपड्यांना हसतो. दोन्ही बाजूंनी दुरावा वाढतो.

रोझने पुढे काय केले? २०११ सालीच डेट्रॉइटमध्ये स्वतःच्या नावाने विनाशुल्क हायस्कूल उभे केले. जी पायरी आपल्याला मिळाली नाही, ती त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी बांधली. मत्सराला याहून चांगले उत्तर कोणते?