चेनसॉ : निवड, धार आणि देखभाल

पावसाळा सरला, की कोकणात जुन्या आंबा झाडांच्या छाटणीची आणि पुनरुज्जीवनाची कामे सुरू होतात. घाटावर बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी काढली जाते. पूर्वी दोघांनी ओढायच्या करवतीने दिवसभर चालणारे काम आता चेनसॉने तासा-दोन तासांत होते. गावात या यंत्राला बहुतेक जण ‘कटर’ म्हणतात, आणि घेताना दोनच प्रश्न विचारतात : किती सीसीचा? किती इंची पट्टी?

हे प्रश्न योग्य आहेत, पण अपुरे आहेत. यंत्र ओढत नाही, धूर काढते, तिरके कापते, पट्टी तापते अशा तक्रारींचे मूळ इंजिनात असण्यापेक्षा चेनमध्ये असण्याची शक्यता जास्त असते. बोथट चेन लावलेला ५८ सीसीचा कटर नीट धार लावलेल्या ४० सीसीच्या कटरपुढे मागे पडतो. शिवाय बोथट चेन चालवणाऱ्याला यंत्र लाकडावर दाबावे लागते आणि अपघात होण्याची शक्यता इथेच वाढते.

कामानुसार यंत्र

बागेतील फांद्या, जळाऊ लाकूड आणि फूटभर जाडीपर्यंतचे खोड एवढेच काम असेल, तर ३५ ते ४० सीसी आणि १४ ते १६ इंची पट्टी पुरते. ठेक्याने झाडे काढण्याचे काम रोज करणाऱ्यांनी ४५ ते ५५ सीसी आणि १६ ते १८ इंची पट्टी घ्यावी. जुना आंबा, चिंच, वड अशा जाड बुंध्यांचे काम नेहमी येत असेल तरच ६० ते ७० सीसीचे यंत्र परवडते. लहान इंजिनावर २२ इंची पट्टी चढवून विकलेले यंत्र दुकानात भारदस्त दिसते, पण पूर्ण पट्टी लाकडात गेली की अडकते. सीसीबरोबर किलोवॉटमधील ताकद आणि वजन विचारा. अर्धा किलो जास्त वजन दुकानात जाणवत नाही, दुपारी तीननंतर खांद्याला जाणवते.

चिकू, पेरू, डाळिंब यांच्या मनगटाएवढ्या फांद्यांसाठी पेट्रोलचे यंत्र लागतच नाही. बॅटरीवरचा ६ ते ८ इंची छोटा कटर त्यासाठी चांगला. उंचावरच्या फांदीसाठी लांब दांड्याचा पोल कटर घ्यावा. शिडीवर उभे राहून चेनसॉ चालवू नये, यात कोणतीही सवलत नाही.

दुकानात यंत्र सुरू करून पाहा. इंजिन मंद चालत असताना चेन स्थिर राहिली पाहिजे. पुढच्या मुठीसमोरचा हातरक्षक पुढे ढकलला की चेन त्याच क्षणी थांबली पाहिजे. हा चेन ब्रेक. तो नसलेले किंवा न चालणारे यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. यानंतरचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा : चेन, पट्टी, स्प्रॉकेट, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची किट तालुक्याच्या गावी मिळते का? ऐन हंगामात पन्नास रुपयांच्या पडद्यासाठी आठ दिवस बंद पडलेले यंत्र स्वस्त ठरत नाही.

चेनची धार

चेन बोथट झाली हे भुशावरून कळते. धारदार चेन लाकडाचे जाडसर तुकडे, कात्रण फेकते. पिठासारखी बारीक पूड पडू लागली, धूर येऊ लागला किंवा यंत्र वरून दाबावे लागले, की काम थांबवून कानस हातात घ्यावी. पेट्रोल भरण्यासाठी थांबतो त्याच वेळी दोन-तीन हात मारून घेण्याची सवय सर्वांत चांगली. चेन पूर्ण बोथट झाल्यावर धार लावायला वेळ जास्त जातो आणि दातही जास्त झिजतो.

कानस गोल आणि चेनच्या मापाचीच हवी. बारीक ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर, .३२५ चेनला ४.८ मिलिमीटर आणि मोठ्या ३/८ चेनला साधारण ५.२ मिलिमीटरची कानस लागते. माप नक्की नसेल तर चेनच्या पाकिटावर किंवा यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. पट्टी शिकंज्यात किंवा ओंडक्याला चीर पाडून त्यात घट्ट बसवा. दाताच्या आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे, फक्त पुढे ढकलताना घासा. परत आणताना कानस उचलून घ्या. बहुतेक चेनना ३० अंशांचा कोन असतो, त्यासाठीची रेघ दाताच्या पाठीवर कोरलेली असते. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहिला पाहिजे. आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात. उजव्या हाताने काम करणाऱ्यांकडून एका बाजूचे दात नकळत जास्त घासले जातात. मग एका बाजूचे दात आखूड होतात आणि काप धनुष्यासारखा वळतो. तसे दिसले, तर सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या लांबीवर आणावेत.

दातापुढचे जे बुटके टोक असते त्याला रेकर म्हणतात. दात किती खोल चावेल हे ते ठरवते. दात झिजून खाली जातो, रेकर मात्र होता तिथेच राहतो. त्यामुळे कानस मारूनही चेन कापत नाही अशी तक्रार येते. चार-पाच वेळा धार लावल्यावर गेज ठेवून चपट्या कानशीने रेकर दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली आणावा. अंदाजाने जास्त घासू नका. रेकर फार खाली गेला की चेन लाकडात झटके घेते आणि यंत्र हातातून उसळते.

बांधावरच्या झाडात जुनी काटेरी तार, खिळे, इन्सुलेटर खोडाच्या आत गेलेले असतात. कापण्यापूर्वी खोडाभोवती एक फेरी मारून, साल फुगलेली जागा कोयत्याने उकरून पाहावी. बुडाजवळची माती, वाळवीची ढेकळे झाडून काढावीत. एकदा मातीला टेकलेली चेन लगेच बोथट होते.

नवी चेन घेताना ‘अठरा इंची द्या’ एवढे सांगून भागत नाही. पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पट्टीच्या मागच्या टोकाजवळ त्या बहुधा कोरलेल्या असतात. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेटही बदलावे; झिजलेले स्प्रॉकेट नवी चेन लवकर खाते. धार लावताना पट्टी उलटी करून बसवावी, म्हणजे ती दोन्ही कडांनी सारखी झिजते. खाचेतला भुसा आणि तेलाचे छिद्र पातळ पत्र्याने साफ करावे.

ताण तपासताना इंजिन बंद हवे. पट्टीचे टोक वर उचलून धरत स्क्रू फिरवा. चेन पट्टीला खालून लागलेली असावी, पण हातमोजा घातलेल्या हाताने सहज सरकावी. गरम चेन ताणून घट्ट केली असेल, तर काम संपल्यावर ती सैल करून ठेवा. थंड होताना चेन आकसते आणि तो ताण क्रँकशाफ्ट व बेअरिंगवर येतो.

गट किंवा अवजारे बँकेचा कटर असेल, तर एक व्यवस्था उपयोगी पडते : यंत्र सामाईक, चेन ज्याची त्याची. सगळ्यांच्या चेनला कोणीच कानस लावत नाही. कृषी सहायकांनी प्रात्यक्षिक घेताना झाड पाडून दाखवण्याऐवजी अर्धा तास धार लावून घेतली, तर त्याचा उपयोग जास्त होईल.

इंधन आणि तेल

चांगले टू-स्ट्रोक ऑइल असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, म्हणजे ५० ला १. साधे टू-स्ट्रोक ऑइल वापरायचे असल्यास अनेक कंपन्या २५ ला १ सांगतात. आपल्या यंत्राची पुस्तिका प्रमाण मानावी. डोळ्यांच्या अंदाजाने तेल ओतू नका. तेल कमी पडले तर पिस्टन चिकटतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढते. म्हणून आठवडाभर पुरेल एवढेच मिश्रण करावे आणि महिन्यापूर्वीचे वापरू नये.

चेनचे तेल वेगळे. पेट्रोलची टाकी भरताना तेलाची टाकीही प्रत्येक वेळी भरायची. ट्रॅक्टरचे जळके ऑइल वापरण्याची पद्धत सर्रास आहे, ती सोडा. त्यातील धातूचा कीस तेलपंप आणि पट्टी दोन्ही खराब करतो. तेल येते का हे पाहण्यासाठी पट्टीचे टोक ताज्या कापलेल्या बुंध्यावर वीतभर उंच धरून अर्धी रेस द्या; तेलाची रेघ उमटली पाहिजे.

उसळी आणि फांदीचा काप

पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला, की यंत्र क्षणात वर आणि मागे, तोंडाच्या दिशेने उसळते. म्हणून टोकाने कापू नये, यंत्र खांद्याच्या वर नेऊ नये, आणि पुढच्या मुठीभोवती डाव्या हाताचा अंगठा वळलेला ठेवावा. सुरू करताना यंत्र जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत बुटाचे टोक घालावे. जाळीचे हेल्मेट, कानाचे मफ, बूट आणि मांडीवरचे संरक्षक चॅप्स हवेत. चॅप्समधील धागे चेनमध्ये अडकून ती थांबवतात. चप्पल आणि लुंगीवर हे काम करवून घेणाऱ्या मालकाने हा खर्च मजुरीतच धरावा.

जाड फांदी एका कापात कापली, की ती तुटताना साल खोडापर्यंत सोलत नेते. आंब्यात अशा जखमेवर खोडकिडा अंडी घालतो. त्यासाठी आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा कापा, मग थोडे पुढे वरून पूर्ण कापून वजन खाली उतरवा, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून स्वच्छ कापा. कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पूर्ण झाड काढायचे असेल, तर आंबा, फणस, साग, खैर यांसारख्या झाडांना स्वतःच्या जमिनीतही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. ती आधी घ्यावी.

पावसाळ्यापूर्वी

टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून पडदे कडक होत नाहीत. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा, दोरी दोन-तीन वेळा हळू ओढा आणि प्लग परत बसवा. एअर फिल्टर कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. सिलिंडरच्या पंखांमधला भुसा ब्रशने काढा. चेन काढून तेलात बुडवलेल्या डब्यात ठेवा, पट्टीला तेलाचा हात द्या आणि यंत्र खतांच्या गोण्यांपासून दूर, कोरड्या जागी टांगा. खताजवळ ठेवलेले लोखंड आणि ॲल्युमिनियम एका पावसाळ्यात खाल्ले जाते.