भोवळ आणि अंतर्कर्णावरील शस्त्रक्रिया : निर्णय कसा करावा?

फुगडी खेळणाऱ्या मुली एकदम थांबल्या, तरी त्यांच्या दृष्टीला अंगण व झाडे आणखी काही क्षण फिरताना दिसतात. पाय डगमगतात, हसू फुटते आणि थोड्याच वेळात सर्व काही स्थिर होते. ही भोवळ निरुपद्रवी होय. कारण ती कशाने आली व केव्हा जाणार, हे खेळणारीस ठाऊक असते. परंतु हाच अनुभव एखाद्यास स्वस्थ बसला असताना यावा, तो तासन्‌तास टिकावा, त्याबरोबर उलट्या व्हाव्यात, एका कानात गुणगुण सुरू व्हावी आणि पुढचा झटका उद्या येणार की सहा महिन्यांनी, हे कोणासही सांगता येऊ नये, तर त्या मनुष्याचे जीवन किती अस्थिर होत असेल, याची कल्पना करता येईल.

अशा रोग्यांपैकी काहींच्या पुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. अंतर्कर्णावर शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही? या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. मात्र उत्तर शोधण्याची एक शास्त्रीय रीत आहे आणि ती समजून घेण्यासाठी प्रथम कानाची रचना पाहिली पाहिजे.

तोल सांभाळणारे इंद्रिय

कान हे केवळ श्रवणाचे इंद्रिय नव्हे. कानाच्या सर्वांत आतल्या भागात, कवटीच्या कठीण हाडामध्ये, शंखाच्या वळणाची एक नलिका असते. तिच्यायोगे ऐकू येते. तिलाच लागून तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या असतात. त्यांचे काम शरीराचा तोल राखण्याचे आहे. या सर्व पोकळ्यांत अंतर्लसीका नावाचा द्रव भरलेला असतो.

डोके वळू लागले की त्याबरोबर नलिकाही वळते. परंतु आतील द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो. त्याच्या दाबाने नलिकेतील मऊ पडदा वाकतो, पडद्याखालच्या केशपेशी उद्दीपित होतात आणि मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूला गतीची वार्ता मिळते. फुगडी थांबल्यावर द्रव मात्र काही क्षण फिरत राहतो. म्हणून जग फिरल्याचा भास होतो. तीन नलिका परस्परांशी जवळजवळ काटकोनात असल्यामुळे डोके कोणत्याही दिशेने वळले, तरी त्याची नोंद होते.

दोन्ही कानांकडून येणाऱ्या वार्तांची मेंदू सतत तुलना करीत असतो. एका कानाने अचानक चुकीची वार्ता दिली, तर मेंदूचा समज असा होतो की, डोके वेगाने फिरत आहे. मग डोळ्यांची बुबुळे झटक्याझटक्याने एका बाजूस सरकू लागतात, मळमळ होते आणि उभे राहणे अशक्य होते.

मेनिएर यांचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा भोवळीचे मूळ मेंदूतील रक्तसंचयात आहे, असे डॉक्टर मानीत. रोग्याचे रक्त काढणे हा त्यावरील रूढ उपाय होता. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ च्या जानेवारी महिन्यात फ्रान्सच्या वैद्यक अकादमीपुढे एक निबंध वाचून या मतास विरोध केला. भोवळ, बहिरेपणा व कर्णनाद ही लक्षणे एकत्र येतात, तेव्हा दोष मेंदूत नसून अंतर्कर्णात असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्लूरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यापूर्वीच कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून दाखविले होते की, अशी कबुतरे तोल सुटून गरगर फिरू लागतात. मेनिएर यांनी त्या प्रयोगांचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु रोगास त्यांचेच नाव मिळाले.

१९३८ मध्ये जपानमध्ये यामाकावा यांनी आणि इंग्लंडमध्ये हॉलपाइक व केर्न्स यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, मृत रोग्यांच्या कानाची हाडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. अंतर्लसीका प्रमाणाबाहेर साचून तिच्या पोकळ्या फुगलेल्या त्यांना आढळल्या. हा द्रव का साचतो, याचे सर्वमान्य उत्तर मात्र अद्याप मिळालेले नाही.

निदानाची खात्री

प्रत्येक भोवळ म्हणजे मेनिएरचा रोग नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अंथरुणात कूस बदलताच येणारी व मिनिटभरात ओसरणारी भोवळ फार सामान्य आहे. अंतर्कर्णातील पिशवीमधील चुन्याचे सूक्ष्म कण सुटून नलिकेत शिरल्याने ती येते. डॉक्टरांनी डोके विशिष्ट क्रमाने वळविले असता ते कण पुन्हा पिशवीत जातात आणि भोवळ बहुधा थांबते. तिला शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. अर्धशिशीच्या विकारातही भोवळीचे झटके येतात. श्रवण व तोल यांच्या मज्जातंतूवर वाढणारी गाठ हेही एक विरळ कारण आहे. त्यासाठी चुंबकीय अनुनाद प्रतिमा घेण्याची पद्धत आहे.

मेनिएरच्या रोगाचे निदान निश्चित करण्यासाठी २०१५ मध्ये काही कसोट्या आंतरराष्ट्रीय सहमतीने ठरविण्यात आल्या. त्यांनुसार २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकणारे भोवळीचे किमान दोन झटके आलेले असावेत. श्रवणमापनात एका कानाची खालच्या व मध्यम स्वरांची ऐकण्याची शक्ती कमी झालेली दिसावी. त्याच कानात गुणगुण, दडा बसल्याची भावना किंवा ऐकण्यातील चढउतार असावा. आणि दुसऱ्या कोणत्याही रोगाने या लक्षणांचा अधिक चांगला उलगडा होत नसावा. निदान चुकले, तर उत्तम शस्त्रक्रियाही निष्फळ ठरते.

शस्त्रक्रियेपूर्वीचे उपाय

या रोगाचा एक स्वभाव निर्णयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. झटके काही काळ लागोपाठ येतात, मग महिनोन्‌महिने थांबतात; आणि अनेक रोग्यांत काही वर्षांनी ते आपोआप विरळ होतात. म्हणून एखाद्या उपायानंतर बरे वाटले, तर ते त्या उपायामुळेच, असे म्हणता येत नाही.

मीठ कमी खावे, असा सल्ला प्रथम दिला जातो. भारतीय आहारात लोणची, पापड व फरसाण यांतून बरेच मीठ नकळत पोटात जाते, याकडे लक्ष दिले पाहिजे. या पथ्याचा पुरावा भक्कम नसला, तरी त्यापासून सहसा अपाय नाही. बीटाहिस्टीन हे औषध जगभर दिले जाते. जर्मनीत २२१ रोग्यांवर नऊ महिने झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाचा लहान डोस, मोठा डोस व औषध नसलेली गोळी, अशा तीन गटांत झटक्यांच्या संख्येत फरक पडला नाही. तिन्ही गटांत झटके सारख्याच प्रमाणात कमी झाले.

यानंतरची पायरी म्हणजे कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात औषध टोचणे. जेंटामायसिन हे औषध तोलाच्या केशपेशी निकामी करते. त्याने ऐकण्यासही इजा होऊ शकते. स्टेरॉइड जातीच्या औषधाने ही इजा होत नाही. इंग्लंडमध्ये ६० रोग्यांवर या दोहोंची तुलना करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांतील झटके सुमारे नऊ-दशांशांनी घटलेले दिसले. या उपायांमुळे शस्त्रक्रियेपर्यंत जाणाऱ्या रोग्यांची संख्या आता थोडी राहिली आहे.

शस्त्रक्रियेचे तीन प्रकार

पहिल्या प्रकारात अंतर्लसीकेच्या पिशवीभोवतीचे हाड कोरून तिच्यावरील दाब कमी करतात किंवा ती उघडून द्रवाला वाट करून देतात. बोर्दो येथील जॉर्ज पोर्टमान यांनी १९२७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात श्रवणशक्ती बहुधा टिकते व धोका अल्प असतो. पण गुण येण्याची शाश्वतीही कमी असते.

दुसऱ्या प्रकारात कवटी उघडून तोलाचा मज्जातंतू कापतात. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या. प्रथम ते संपूर्ण मज्जातंतू कापीत. पुढे श्रवणाचे तंतू राखून केवळ तोलाचे तंतू ते कापू लागले. भोवळीचे झटके यात बहुसंख्य रोग्यांत थांबतात. परंतु ही मेंदूजवळील शस्त्रक्रिया आहे. मेंदूभोवतीचा द्रव पाझरणे, संसर्ग होणे, शेजारून जाणाऱ्या चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होणे, हे धोके तिच्यात संभवतात.

तिसऱ्या प्रकारात अंतर्कर्णातील तोलाचे अवयवच काढून टाकतात. झटके थांबविण्याचा हा अत्यंत खात्रीचा उपाय आहे; मात्र त्या कानाची उरलीसुरली श्रवणशक्ती नष्ट होते.

अवयव नष्ट करून तोल कसा सुधारेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मेंदूच्या कार्यपद्धतीत आहे. कधी खरी तर कधी खोटी वार्ता देणाऱ्या कानाशी मेंदूला जुळवून घेता येत नाही. परंतु एक कान कायमचा निःशब्द झाला, तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुसरा कान, डोळे व पायांकडून येणाऱ्या संवेदना यांच्या साहाय्याने मेंदू नवा मेळ बसवितो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस तीव्र भोवळीचे असतात. पुढे डोके व डोळे हलविण्याचे व्यायाम नियमाने करावे लागतात. इंग्लंडमधील कॉथॉर्न व कुक्सी यांनी १९४० च्या दशकात ते प्रचारात आणले.

एक अंतराळवीर आणि एक चाचणी

अमेरिकेचे पहिले अंतराळवीर अॅलन शेपर्ड यांनी १९६१ मध्ये अंतराळात उड्डाण केले. पुढे थोड्याच वर्षांत त्यांना मेनिएरच्या रोगाने गाठले व त्यांचे उड्डाण बंद झाले. १९६८ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस या शल्यचिकित्सकाकडून पहिल्या प्रकारची शस्त्रक्रिया करवून घेतली. साचलेल्या द्रवाला वाट देण्यासाठी एक बारीक नळी बसविण्यात आली. १९६९ मध्ये त्यांना उड्डाणाची परवानगी पुन्हा मिळाली आणि १९७१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते चंद्रावर चालले.

ही कथा रोग्यांना धीर देणारी आहे. पण ती शस्त्रक्रियेचे यश सिद्ध करते काय? डेन्मार्कमध्ये ३० रोग्यांवर झालेल्या व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हा प्रश्न तीव्र केला. निम्म्या रोग्यांची पिशवी उघडून नळी बसविण्यात आली. उरलेल्यांच्या कानामागील केवळ हाड कोरले, पिशवीला हात लावला नाही. कोणावर काय झाले, हे रोग्यांस व त्यांना तपासणाऱ्यांस माहीत नव्हते. दोन्ही गटांतील बहुतेकांना सारखाच आराम पडला. २००० मध्ये इतर संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासून काही फरक दिसतो, असे मत मांडले. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. रोग सर्वांत बळावलेला असतानाच मनुष्य शस्त्रक्रियेस तयार होतो आणि त्यानंतर बहुधा उतारच पडतो, हे त्यामागील एक कारण असू शकेल. शेपर्ड यांचा निर्णय मात्र अविचारी ठरत नाही. एकाच कानात रोग, श्रवणाला अल्प धोका आणि उपाय न केल्यास व्यवसायाला कायमचे मुकणे, या परिस्थितीत त्यांनी तो घेतला होता.

निर्णयाची कसोटी

रोगी व डॉक्टर यांनी एकत्र बसून पुढील गोष्टींचा विचार केला पाहिजे. निदान निश्चित आहे काय? रोग नेमका कोणत्या कानात आहे आणि दुसरा कान निरोगी आहे काय? काही रोग्यांत कालांतराने दुसराही कान ग्रासला जातो. तसे झाल्यास पहिला कान नष्ट केलेल्या मनुष्याची अवस्था कठीण होते. रोगग्रस्त कानाने बोलणे समजण्याइतके ऐकू येते काय? सौम्य उपायांना पुरेसा वेळ दिला आहे काय? रोग्याचे वय, दृष्टी व पायांतील बळ यांचा विचार करता मेंदू नवा मेळ बसवू शकेल काय?

समजा, एका ६० वर्षांच्या दुकानदाराचा एक कान या रोगाने पूर्ण बहिरा झाला आहे, दुसरा निरोगी आहे आणि इंजेक्शने देऊनही झटके थांबत नाहीत. तिसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत त्याला गमावण्यासारखे फार थोडे आहे. उलट ३५ वर्षांच्या शिक्षिकेला त्या कानाने वर्गातील प्रश्न अजून ऐकू येत असतील आणि झटके दोन-तीन महिन्यांनी एकदा येत असतील, तर थांबणेच तिच्या हिताचे होय. नारळाच्या झाडावर चढणारा, उंच परांचीवर काम करणारा गवंडी किंवा मोटार चालविणारा यांना एक झटकाही प्राणघातक ठरू शकतो. काही रोगी तर कोणतीही पूर्वसूचना नसता जमिनीवर कोसळतात. अशांच्या बाबतीत तराजूचे पारडे निश्चित उपायाकडे झुकते; पण व्यवसाय बदलणे शक्य आहे काय, हाही विचार त्याच तराजूत घातला पाहिजे.

शस्त्रक्रिया काय करू शकत नाही, हेही आधीच समजलेले बरे. गेलेले श्रवण ती परत देत नाही. कर्णनाद थांबेलच असे नाही. अंधारात किंवा खडबडीत वाटेवर चालताना थोडी अस्थिरता राहू शकते.

मेनिएरचा रोग स्वतः जीव घेत नाही. म्हणून या निर्णयात घाईचे कारण क्वचितच असते. कोणता झटका केव्हा आला, किती वेळ टिकला आणि त्यावेळी ऐकू कसे येत होते, याची वहीत नोंद ठेवणारा रोगी काही महिन्यांत स्वतःच्या रोगाची गती ओळखू लागतो. ती वही घेऊन तो डॉक्टरांपुढे बसला, म्हणजे निर्णय भीतीच्या भरात न होता पुराव्याच्या आधारे होतो. आणि मग तो शस्त्रक्रियेच्या बाजूचा असो वा विरुद्ध, त्याचा पश्चात्ताप होण्याची शक्यता कमी राहते.