अविवाहित जोडप्यांचे घर आणि आयुर्विमा

विवाह न करता एकत्र राहणारे दोघे जेव्हा पुण्यामुंबईत कर्ज काढून सदनिका विकत घेतात, तेव्हा करारनाम्यावर दोघांची नावे आली म्हणजे दोघांचेही हित सुरक्षित झाले, असा समज सहज होतो. परंतु त्यांपैकी एकाचे निधन झाल्यास वारसा कायद्याच्या दृष्टीने मागे राहिलेला जोडीदार परकाच ठरतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्राविना निधन पावलेल्या, मूलबाळ नसलेल्या अविवाहित पुरुषाचा हिस्सा प्रथम त्याच्या आईकडे, तर तशाच स्त्रीचा हिस्सा तिच्या आईवडिलांकडे जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला निवासाचे संरक्षण दिले आहे, मात्र त्यातून वारसाहक्क निर्माण होत नाही.

कर्जाची जबाबदारी मात्र मृत्यूने विभागली जात नाही. समजा, ९० लाखांच्या घरासाठी ७२ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे साडेबासष्ट हजार रुपये येतो आणि पाच वर्षे नियमित फेड करूनही सुमारे साडेत्रेसष्ट लाख रुपये बाकी राहतात. ही संपूर्ण बाकी बँक हयात सहकर्जदाराकडून मागू शकते, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या निम्म्या वाट्यापुरताच विमा घेणे अपुरे ठरते.

बँका कर्जासोबत सुचवतात तो कर्जसंरक्षण विमा, म्हणजे कर्जाच्या बाकीबरोबर ज्याची विमा रक्कम घटत जाते असा विमा, सक्तीचा नसतो आणि त्याची रक्कम आधी कर्जखात्यात जमा होते. त्याने कर्ज फिटते, पण मृताचा हिस्सा वारसांकडेच जातो आणि हयात जोडीदार त्यांच्यासह सहमालक होऊन बसतो. याउलट मुदत विमा, ज्यात ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पूर्ण रक्कम मिळते, दोघांनी स्वतंत्रपणे, कर्ज फेडून वारसांचा हिस्साही विकत घेता येईल एवढ्या रकमेचा घेणे अधिक शहाणपणाचे आहे. नाते तुटले तरी ज्याची पॉलिसी त्याच्याकडे राहते, हा त्याचा आणखी एक मोठा लाभ.

तथापि खरी अडचण नामनिर्देशनाची, म्हणजे नॉमिनी नेमण्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा असतो आणि ती रक्कम वारसांची असते, असे स्पष्ट केले. २०१५ च्या दुरुस्तीने विमा अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ‘लाभार्थी नॉमिनी’ ही संकल्पना आली, ज्यात नॉमिनी स्वतःच रकमेचा मालक होतो. पण हा दर्जा आईवडील, पती किंवा पत्नी आणि अपत्ये यांच्यापुरताच आहे. म्हणून अर्जात जोडीदाराचे नाव लिहिले, तरी मृत्युपत्राअभावी ती रक्कम अखेर वारसांना द्यावी लागू शकते. काही कंपन्या नात्याबाहेरचा नॉमिनी मान्य करण्यास कचरतात आणि मग सोयीसाठी आईचे किंवा वडिलांचे नाव लिहिले जाते; हा उपाय घातक आहे, कारण कलमाच्या शब्दांनुसार ते लाभार्थी ठरतात. त्यापेक्षा विश्वासू भाऊ किंवा बहीण नॉमिनी असणे बरे, कारण तिथे मृत्युपत्राचा शब्द चालतो. अर्जात जोडीदाराला ‘पती’ किंवा ‘पत्नी’ म्हणून दाखवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण चुकीची माहिती दाव्याच्या वेळी वादाला निमंत्रण देते.

म्हणून पॉलिसीइतकेच मृत्युपत्र आवश्यक आहे आणि ते घराच्या नोंदणीच्या सुमारासच करावे. त्यात पॉलिसीचा क्रमांक, सदनिकेतील हिस्सा आणि जोडीदाराचे पूर्ण नाव असावे. किमान दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत, नोंदणी मात्र ऐच्छिक आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना एक-तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, म्हणून अशा जोडप्याने वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. करारनाम्यात प्रत्येकाचा हिस्साही नमूद करावा, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४५ नुसार कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसल्यास हिस्से समान मानले जातात. पुढे या दोघांनी विवाह केला, तर ख्रिस्ती व पारशी व्यक्तींचे आधीचे मृत्युपत्र विवाहाने रद्द होते आणि ते नव्याने करावे लागते. हिंदूंचे मृत्युपत्र मात्र विवाहाने रद्द होत नाही.