खाडीकांठचें नोंदयंत्र व त्याची तारजोडणी

पाऊस किती पडला, हें दूरच्या वेधशाळेस विचारून शेतकऱ्याचें भागत नाहीं. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळांत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. म्हणून उत्तन-डोंगरीच्या शेतावर किंवा भाईंदरच्या मिठागरावर पाऊस, वारा व खाडीच्या पाण्याची पातळी मोजणारें स्वतःचें यंत्र असावें, असें आम्हांस वाटतें. परंतु मापक आणि आंकडे सांठविणारें नोंदयंत्र, म्हणजे डेटा लॉगर, ह्यांमधील तार चुकली तर सारा खर्च वायां जातो. बंद पडलेलें यंत्र निदान कळतें. खोटा आंकडा कळत नाहीं, व त्यावर विसंबून बांधाची उघाडी उघडणारा फसतो.

मापक आपला आंकडा तारेवरून एकामागून एक स्पंदांनीं पाठवितो. हीच सीरियल जोडणी. तिच्या जाती निरनिराळ्या असल्यानें घोटाळा होतो. आरएस-२३२ ह्या जातींत तारेवर उणे १५ पासून अधिक १५ पर्यंत व्होल्ट असूं शकतात; पुष्कळ लहान सर्किटांस मात्र ३.३ किंवा ५ व्होल्टच सोसतात. दोन्हीं सरळ जोडल्यास सर्किट जळण्याचा धोका असतो. यासाठीं आधीं मल्टिमीटर लावावा. मापक स्वस्थ असतां त्याची पाठविणारी तार भूतारेच्या मानानें उणे व्होल्ट दाखवील, तर ती जात आरएस-२३२ समजावी व मध्यें योग्य कन्व्हर्टर बसवावा. जोडणी करतांना बॅटरी व वीज दोन्हीं तोडलेलीं असावीं.

आरएस-२३२ ची तार सुमारें १५ मीटरपर्यंतच भरंवशाची. बांधापासून घरापर्यंत आंकडा आणावयाचा तर आरएस-४८५ घ्यावी. पीळ दिलेल्या जोडतारेवर, वेग कमी ठेवल्यास, ती १२०० मीटरपर्यंत चालते. यंत्रें सांखळीनें जोडावीं, फांद्या फोडूं नयेत. सांखळीच्या दोन्हीं टोकांस १२० ओहमचा रोधक लावावा. दोन तारा उलट लागल्या तर यंत्र बहुधा जळत नाहीं, मुकें राहतें; त्या अदलून पाहाव्या.

लांब तारेच्या दोन टोकांची जमीन विजेच्या दृष्टीनें सारखी नसते. जमिनींतील परकी वीज नोंदी बिघडविते, हें आपल्याकडे जुनेंच ज्ञान आहे: मुंबईंत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचें चुंबकीय काम १९०४ ते १९०६ च्या सुमारास अलिबागेस हलविण्यांत आलें. आपणांस घर हलविण्याचें कारण नाहीं. विद्युत्-विलग करणारा आयसोलेटर बसवावा, तारेचें जाळीदार कवच एकाच टोकास भूमीशीं जोडावें, आणि तार आंत शिरते तेथें वीज-आघातरोधक लावून त्याची भूतार आंखूड व जाड ठेवावी. मृगापूर्वींच्या व आश्विनांतल्या गडगडाटांत तारेस हात लावूं नये.

शेवटचा शत्रू खारी हवा. साधें तांबें हिरवें पडतें. म्हणून कल्हईची तार घ्यावी, पेटीचीं भोंकें रबरी बुचांनीं बंद करावीं, व तार खालून आंत घ्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून बाहेरच पडेल. दर पंधरवड्यास हातानें मोजलेला पाऊस यंत्राच्या नोंदीशीं ताडून पाहावा. हा मेळ जोंवर बसतो, तोंवरच यंत्रावर भार टाकावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.