मेफ्लायचे निर्गमन आणि ट्राउटची गळमासेमारी : आयर्लंडमधील चुनखडकी तळ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

आयर्लंडच्या मध्य व पश्चिम भागातील चुनखडकी तळ्यांवर दरवर्षी साधारणतः मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मेफ्लाय हा कीटक प्रचंड संख्येने पाण्याबाहेर येतो. या घटनेस इंग्रजीत ‘हॅच’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘निर्गमन’ ही संज्ञा वापरली आहे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती गर्दी करते, ते दृश्य महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. मेफ्लायचे निर्गमनही तसेच, मात्र ते मातीतून नव्हे, तर पाण्याच्या तळातून होते. एरवी तळाशी व मध्यम खोलीवर चरणारा ट्राउट मासा या काळात पृष्ठभागावर येतो आणि त्याच्या मागोमाग गळकरीही तळ्यावर येतात. या मासेमारीचे तंत्र कीटकाच्या जीवनक्रमाशी कसे बांधलेले आहे आणि हा जीवनक्रम तळ्याच्या तळाच्या आरोग्यावर कसा विसंबून आहे, याचा विचार येथे केला आहे.

येथे अभिप्रेत असलेला मासा म्हणजे तळ्यात राहणारा ब्राउन ट्राउट (साल्मो ट्रुटा) होय. उत्तर अमेरिकेत ‘लेक ट्राउट’ या नावाने ओळखला जाणारा मासा वेगळ्या प्रजातीचा आहे. ब्राउन ट्राउट थंड व ऑक्सिजनयुक्त पाण्यातच टिकतो. भारतात ब्रिटिशांनी तो काश्मीरमध्ये रुजविला. दख्खनच्या उष्ण नद्यांत त्यास स्थान नाही.

कीटकाचा जीवनक्रम :

या तळ्यांतील प्रमुख मेफ्लाय म्हणजे एफेमेरा डॅनिका. त्याच्या आयुष्याचा बहुतांश काळ, म्हणजे सामान्यतः दोन वर्षे, ‘निम्फ’ या पंखहीन जलवासी अवस्थेत जातो. निम्फ तळाच्या गाळात वा बारीक वाळूत बीळ करून राहते आणि सेंद्रिय कणांवर जगते. तिच्या उदराच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे कल्ले असतात. ते सतत हलवून ती बिळातून पाण्याचा प्रवाह खेळता ठेवते. तळाशी विरघळलेला ऑक्सिजन कमी झाला, तर ही व्यवस्था कोलमडते.

पूर्ण वाढ झालेली निम्फ पृष्ठभागाकडे पोहत येते, तिची त्वचा फाटते आणि धूसर पंखांचा कीटक बाहेर पडतो. ही ‘उपप्रौढ’ अवस्था होय. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा आजच्या काळातील हा एकमेव गण आहे. उपप्रौढ कीटक वाऱ्याबरोबर काठावरच्या झुडपांत जातो आणि तेथे कात टाकून स्वच्छ, पारदर्शक पंखांचा प्रौढ होतो. प्रौढास अन्न घेता येत नाही, कारण त्याची मुखांगे निकामी असतात. वाऱ्याचा आडोसा असलेल्या झाडांजवळ नरांचे थवे खालीवर नाचत राहतात. मीलनानंतर मादी पाण्यावर येऊन हजारो अंडी सोडते आणि पंख पसरून तेथेच पडते. या मरणासन्न कीटकास ‘स्पेंट’ म्हणतात.

गळकऱ्याच्या दृष्टीने हे चार वेगवेगळे आहार आहेत : वर चढणारी निम्फ, कात टाकणारा कीटक, पाण्यावर बसलेला उपप्रौढ आणि पंख पसरून पडलेला स्पेंट. मासा कोणत्या क्षणी यांपैकी काय टिपत आहे, हे ओळखण्यातच या कलेचे मर्म आहे.

मासेमारीच्या पद्धती :

कृत्रिम माशीने केलेल्या मासेमारीत आमिषाला वजन जवळपास नसतेच. गळाच्या आकड्यावर पिसे, केस व रेशीम बांधून कीटकाचा आभास निर्माण केलेला असतो. त्यामुळे येथे आमिष फेकले जात नाही; जाड दोरीचे वजन काठीच्या झोक्याने पुढे जाते व माशी तिच्यामागून जाते. (मराठीत ‘माशी’ व ‘मासा’ या शब्दांचे साम्य या विषयात थोडी गंमत निर्माण करते, हे मान्य करावे लागेल.)

आयरिश तळ्यांवरची सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण पद्धत मात्र ‘डॅपिंग’ ही आहे. तीत दोरी फेकलीच जात नाही. सुमारे पंधरा फूट लांबीची काठी उभी धरतात. तिला हलकी रेशमी दोरी व टोकाशी गळ असतो. गळावर एक-दोन जिवंत मेफ्लाय लावतात. होडी वाऱ्यास आडवी ठेवून वाहू देतात आणि वारा दोरीला पुढे फुगवून नेतो. कीटकाने तेवढा पाण्यास स्पर्श करावा, दोरी पाण्यावर टेकू नये, हे कौशल्य. मासा आमिष घेतो तेव्हा नवखा माणूस तत्काळ काठी ओढतो व मासा गमावतो. मासा तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबावे लागते. हा एका श्वासाचा संयम शिकविणे सर्वांत कठीण मानले जाते. या पद्धतीला जिवंत कीटक लागत असल्याने लॉक कॉरिबच्या परिसरात मुले काठावरील झुडपांतून मेफ्लाय गोळा करून, पेटीत भरून गळकऱ्यांना विकत असत.

संध्याकाळची मासेमारी याहून वेगळी असते. वारा पडतो, पाणी आरशासारखे होते आणि स्पेंट कीटक पृष्ठभागावर येऊ लागतात. ट्राउट आता घाई करीत नाही, कारण हे भक्ष्य उडून जाणार नसते. तो एका मार्गाने पोहत एकेक कीटक अलगद टिपत जातो. पाण्यावर उमटणाऱ्या वलयांवरून त्याची दिशा ताडून, तो ज्या ठिकाणी पोहोचणार तेथे आधीच माशी टाकावी लागते. वलयावर टाकलेली माशी बहुधा माशाच्या मागे पडते.

या काळास इंग्रजीत ‘अनाडी माणसाचा पंधरवडा’ अशा अर्थाचे नाव आहे. या दिवसांत कोणालाही मासा मिळतो, असा त्याचा आशय. हे नाव दिशाभूल करणारे आहे. निर्गमन फार मोठे असले की गळकऱ्याची एक माशी हजारो खऱ्या कीटकांत हरवते आणि पोट भरलेला मासा चोखंदळ होतो. मध्यम निर्गमनाचा, ढगाळ व वाऱ्याचा दिवसच अनेकदा अधिक फलदायी ठरतो.

तळाचे आरोग्य :

लॉक कॉरिब हे सुमारे १७६ चौरस किलोमीटरचे तळे आयर्लंडच्या प्रजासत्ताकातील सर्वांत मोठे आहे. तेथे व शेजारच्या लॉक मास्कमध्ये ब्राउन ट्राउटसाठी सरकारी परवाना लागत नाही. १९८७ च्या कायद्याने असा परवाना आणला, तेव्हा गळकऱ्यांनी बहिष्कार पुकारला; प्रकरण काही वर्षे चिघळले आणि अखेर शासनास माघार घ्यावी लागली.

परंतु परवान्यापेक्षा गंभीर प्रश्न पाण्याखाली होता. लॉक शीलिन हे सुमारे १९ चौरस किलोमीटरचे उथळ तळे ट्राउटसाठी नावाजलेले होते. १९७० च्या दशकात त्याच्या पाणलोट क्षेत्रात, विशेषतः कॅव्हन परगण्यात, वराहपालन झपाट्याने वाढले. वराहांच्या मलमूत्राची स्लरी शेतांवर पसरली जाई आणि तिच्यातील फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यात उतरे. परिणामी सुपोषण झाले : शैवल माजले, पाणी गढूळले, मेलेले शैवल तळाशी कुजले आणि तेथील ऑक्सिजन खर्च झाला. शैवल डोळ्यांना दिसत होते, तर बिळातील निम्फ कोणालाच दिसत नव्हती. मेफ्लायचे निर्गमन क्षीण झाले, तेव्हा तळाशी काय घडले ते काठावरच्या माणसाला कळले. निम्फ दोन वर्षे गाळात राहत असल्याने एखाद्या मे महिन्यातील रिकाम्या संध्याकाळीचे कारण त्याआधीच्या दोन वर्षांत कुठेतरी असते. हा विलंब लक्षात न घेतल्यास दोष हवामानावर टाकला जातो. शीलिनमध्ये पुढे मेफ्लाय परतला, पण तो लगोलग नव्हे.

कॉरिबवर संकट वेगळ्या मार्गाने आले. २००५ मध्ये तेथे लॅगरोसायफॉन मेजर ही मूळची दक्षिण आफ्रिकेतील पाणवनस्पती आढळली. ती मत्स्यटाक्या व बागेतील हौदांसाठी विकली जात असे. उथळ उपसागरांत तिचे दाट जंगल माजते, होडी अडते आणि तळाशी वाढणाऱ्या कारा या स्थानिक शैवलास प्रकाश मिळेनासा होतो. तुटलेल्या प्रत्येक तुकड्यापासून ती पुन्हा रुजत असल्याने केवळ कापून भागत नाही. त्यावर योजलेल्या उपायांपैकी एक भारतीय वाचकास ओळखीचा वाटेल : तागाचे विणलेले कापड, म्हणजे जवळपास आपले गोणपाटच, होडीतून सोडून तळावर अंथरण्यात आले. त्याखाली ही वनस्पती गुदमरून मरते, कारा मात्र विणीच्या छिद्रांतून वर येतो, आणि ताग कालांतराने कुजून गाळात मिसळतो.